परदेशच्या चाकरीची कैफियत

(अमरावती येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)

अमरावती-अकोल्याबरोबरच धारणी, तेल्हारा, मूर्तिजापूर अशा लांबच्या गावांहून एस.टी.ने आलेल्या तरुण श्रोतेहो,

डॉ. पंजाबराव देशमुखांच्या स्मरणार्थ बोलावयास जो उभा राहतो, त्याने शेतीविषयी, शिक्षणविस्ताराविषयी किंवा सहकाराविषयी बोलावे असा आपल्याकडे रिवाज आहे, आणि तो उचितही आहे. मी आज तो थोडासा मोडणार आहे. माझा विषय कळल्यावर संयोजकांपैकी एका स्नेह्यांनी मला सौम्यपणे विचारले की, ‘हा विषय व्याख्यानाचा, की शिकवणीवर्गाचा?’ विषय असा : आपली मुले-मुली हल्ली दोन-चार वर्षे परदेशात चाकरी करतात, पुढे आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी बाहेरच्या विद्यापीठांकडे अर्ज पाठवितात, आणि त्या अर्जात आपल्या परदेशातील कामाची हकीकत लिहितात. ती हकीकत कशी लिहावी, आणि मुख्य म्हणजे आपण ती इतकी वाईट का लिहितो, याचा विचार मला आज करावयाचा आहे. राज्यशास्त्राचा अध्यापक म्हणून आयुष्य गेल्यामुळे असे मसुदे माझ्या टेबलावर वर्षानुवर्षे येत राहिले, आणि निवृत्तीनंतरही ते थांबलेले नाहीत. त्या मसुद्यांनी मला जितके अस्वस्थ केले तितके परीक्षेच्या उत्तरपत्रिकांनी कधी केले नाही.

भाऊसाहेबांच्या, म्हणजे पंजाबरावांच्या, स्मृतीशी या विषयाचा संबंध काय, असे कोणी विचारील. पापळसारख्या खेड्यात १८९८ साली जन्मलेला शेतकऱ्याचा मुलगा विलायतेस जातो, एडिंबरोची एम.ए. पदवी घेतो, ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातील धर्मविचाराच्या उगमावर प्रबंध लिहितो, बॅरिस्टर होऊन परत येतो, आणि त्या साऱ्या शिदोरीचे करतो काय? १९३२ साली याच अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी करतो. पुढे केंद्रीय कृषिमंत्री असताना १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन भरते, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर तेथे येतात. म्हणजे एके काळी जग पाहावयास गेलेला वऱ्हाडी माणूस जगालाच आपल्या खळ्यावर बोलावून आणतो. परदेशाचा अनुभव म्हणजे काय आणि तो कशात रुजू करावयाचा, याचे याहून जवळचे उदाहरण मी कोठून आणू?

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आपण वऱ्हाडी माणसे फार सहज विसरतो. आंतरराष्ट्रीय व्यवहार हा आपल्याला परका विषय नाही. आपला प्रांतच मुळी करारनाम्यांनी घडलेला आहे. एकाच गावाच्या वसुलात हैदराबादच्या निजामाचाही हिस्सा आणि नागपूरकर भोसल्यांचाही हिस्सा, अशी ‘दुअमली’ ज्या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या सोसली, त्याच्या पाटील-पांड्यांना द्विपक्षीय संबंध म्हणजे काय हे कोणत्या पाठ्यपुस्तकातून शिकावयाचे राहिले होते? १८०३ च्या नोव्हेंबरात आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या मैदानावर लढाई झाली, डिसेंबरात गाविलगड पडला, आणि पाठोपाठ झालेल्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. पुढे १८५३ साली निजामाने फौजेच्या कर्जापायी वऱ्हाड कंपनीकडे लावून दिले, आणि १९०२ मध्ये ते कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेले. इतक्या वेळा जो प्रांत कागदावर सही होऊन हस्तांतरित झाला, त्या प्रांतातल्या मुलाने ‘मला लहानपणापासून जागतिक राजकारणाची आवड आहे’ अशा बेचव वाक्याने अर्ज सुरू करावा, याचे मला नवल वाटते. (जाता जाता सांगतो, गाविलगड घेणारा सेनापती आर्थर वेलस्ली पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला आणि १८२८ साली इंग्लंडचा पंतप्रधानही झाला. परदेशातील कार्यानुभव हा मनुष्याला कोठवर नेतो, याचा हाही एक दाखला आहे. फक्त तो अनुभव आपल्या चिखलदऱ्याच्या डोंगरावर घेतला गेला होता.)

आता ही विद्यालये कोणती आणि ती मागतात काय, ते थोडक्यात सांगतो, कारण सभेत पुष्कळ पालकही आहेत. पहिल्या महायुद्धाच्या संहाराने हादरलेल्या जगाला असे वाटले की, राष्ट्राराष्ट्रांचे व्यवहार केवळ सरदार-उमरावांच्या वकिलातींवर सोडून चालणार नाही. त्यांचे शास्त्र केले पाहिजे. १९१९ साली वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे या विषयाचे पहिले अध्यासन निघाले, त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात परराष्ट्रसेवेचे विद्यालय निघाले, १९२७ मध्ये जिनिव्हाची संस्था, १९३३ मध्ये बॉस्टनजवळची फ्लेचर, दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत १९४३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सचे विद्यालय, १९४६ मध्ये कोलंबियाचे. आपल्याकडे १९५५ साली दिल्लीच्या सप्रू हाउसमध्ये जी संस्था सुरू झाली, तीच पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. यांतील अमेरिकी विद्यालयांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुधा दोन वर्षांचा असतो. तेथे केवळ गुणपत्रिका पाहून प्रवेश मिळत नाही. कामाचा तपशील मागतात, दोन-तीन शिफारसपत्रे मागतात, आणि पाचशे ते हजार शब्दांचे एक निवेदन मागतात : आपण आजवर काय केले, येथे का येऊ इच्छिता, आणि येथून कोठे जाणार. अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत संपते. म्हणजे आपल्याकडे कापसाच्या वेचण्या चालू असतात त्या दिवसांत.

हे निवेदन म्हणजे काय? आमच्या जुन्या दप्तरांत एक शब्द होता, ‘कैफियत’. एखाद्या गावाची, घराण्याची किंवा वतनाची सरकारने चौकशी केली, की संबंधिताने आपली हकीकत क्रमवार लिहून द्यावयाची : वहिवाट कोणाची, कशी, किती साल, तंटा कोठे, पुरावा काय. कैफियतीत अलंकार नसत. असले तरी वाचणारा कारकून त्यांवरून डोळा फिरवून तपशिलावर येऊन थांबे. प्रवेशसमितीचा सभासद हा त्याच जातीचा वाचक आहे. त्याच्यापुढे शेकडो कागद आहेत, त्याला चहाही पुरेसा मिळालेला नाही, आणि त्याला फक्त एवढेच हवे आहे की, या माणसाने खरोखर काय केले हे कोणीतरी त्याला सांगावे.

आणि आपली मुले त्याला काय सांगतात? देश सांगतात! ‘मी दुबईत होतो, तेथून माझी बदली सिंगापुरास झाली, कामानिमित्त मी सात देश पाहिले.’ ही तीर्थयात्रेची भाषा आहे. काशी झाली, रामेश्वर झाला, पुण्य पदरी पडले. तेथे काय केलेत, असे यात्रेकरूला कोणी विचारीत नाही, कारण तेथे जाणे हेच कर्म असते. चाकरीचे तसे नाही. पारपत्रावरचे शिक्के हा पुरावा मनुष्य तेथे पोहोचल्याचा आहे, तेथे उपयोगी पडल्याचा नाही. १९३६ साली आपल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी गेले, तेथे त्यांनी कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. त्या पथकाची आठवण अमरावती आजही काढते ती त्यांनी बर्लिन पाहिले म्हणून काढते काय? बर्लिन त्या वर्षी असंख्य लोकांनी पाहिले. काही करून दाखविण्यासारखे हातात घेऊन ते तेथे गेले होते, म्हणून काढते.

देश सांगण्याची ही जी खोड आहे तिच्या उलट बाजूला दुसरी एक खोड आहे, आणि ती मला अधिक दुःखदायक वाटते. जे काम मनुष्याला हलके वाटते ते तो लपवितो. आखातातल्या बांधकामावर हजेरी लिहिली, कोणा मॉलच्या गोदामात माल मोजला, विद्यार्थी असताना हॉटेलात भांडी घासली. हे सारे अर्जातून गळते आणि त्याच्या जागी ‘व्यवस्थापनविषयक जबाबदाऱ्या’ असा एक फुगीर शब्द येऊन बसतो.

अशा वेळी मला पांडुरंग सदाशिव खानखोजे आठवतात. ते वर्धेचे, वर्धा नदीच्या पलीकडचे म्हणून आपल्यापैकी कोणी हरकत घेऊ नये. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा तरुण क्रांतीचे स्वप्न घेऊन जपानमार्गे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला. मिळेल ती अंगमेहनत करीत त्याने ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांतील महाविद्यालयांत शेतकीशास्त्राचा अभ्यास केला. गदर चळवळीच्या आरंभीच्या मंडळींत तो होता, पहिल्या महायुद्धात इराणात लढला, रशियात जाऊन लेनिनला भेटला, आणि शेवटी १९२४ मध्ये मेक्सिकोत पोहोचला. आता विचार करा, मायदेशाचे दार बंद, हाती राज्य नाही, पाठीशी वकिलात नाही, कोणाची सनद नाही. अशा मनुष्याने मेक्सिकोच्या लोकांपुढे आपली कोणती ओळख ठेवावी? लेनिनची भेट? इराणची लढाई? त्याला चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात उभे केले ते गव्हा-मक्याच्या ज्ञानाने. शेतात उभे राहून काम केलेल्या त्या हातांनी पुढे मेक्सिकोतील शेतकऱ्यांसाठी मुक्त शेतकी शाळा काढल्या, आणि दिएगो रिव्हेरासारख्या चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना भाकरीच्या पंक्तीत बसविले. वयाच्या सत्तरीत ते नागपूरला परतले आणि १९६७ साली तेथेच वारले. ज्या आयुष्यात इतके नाट्य होते त्याचा आधार अखेर मातीत केलेले काम हाच ठरला. मग आपण चार वर्षांच्या हजेरीपटाची लाज का धरावी?

श्रोतेहो, हजेरीपटाचा उल्लेख मी उगाच केला नाही. मूर्तिजापूर तालुक्यातला एक तरुण काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आला. आखातातल्या एका देशात, एका बांधकाम कंपनीत त्याने चार वर्षे टाइमकीपरचे काम केले होते. त्याच्या मसुद्याचा पहिला परिच्छेद असा होता की, बहुविध संस्कृतींच्या वातावरणात काम करण्याची अमूल्य संधी मिळाल्यामुळे त्याचे क्षितिज विस्तारले आणि त्याची नेतृत्वगुणांची जाणीव प्रगल्भ झाली. मी त्याला म्हटले, ‘बाबा रे, हे वाक्य तुझे नाही. हे वाक्य कोणाचेच नाही. सकाळी तू किती वाजता उठायचास?’ तो म्हणाला, साडेतीनला. का? कारण चार वाजता लेबर कॅम्पच्या फाटकावर बस लागे, आणि कोण चढला, कोण आजारी म्हणून राहिला, याची खूण त्यालाच करावी लागे. माणसे किती? तीनशेंवर. कोठली? नेपाळी, बांगलादेशी, तेलंगणातली, थोडी बिहारची. भाषा? मोडकी हिंदी, आणि नेपाळी मजुरांकडून उचललेले काही शब्द.

असे विचारीत विचारीत आम्ही उन्हाळ्यावर आलो. आखाती देशांत उन्हाळ्याच्या महिन्यांत भर दुपारी उघड्यावर काम करण्यास मनाई असते, तसा तेथला कायदाच आहे. मी विचारले, ‘मग त्या तासांची नोंद तू कशी करायचास?’ तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘सर, पहिल्या वर्षी फोरमनने सांगितलं तशी केली.’ म्हणजे कशी? दुपारी काम बंद असल्याचे पटावर दिसे, पण काही टोळ्या सावलीचे नाव करून छतावर काम करीत, आणि ते तास कोठेच लागत नसत. पटावर नाहीत, म्हणून पगारात नाहीत. एका नेपाळी मजुराने महिनाअखेर स्वतःच्या वहीत रेघा मारून ठेवलेले तास आणून त्याला दाखविले. दुसऱ्या वर्षापासून त्याने स्वतःची एक निराळी वही ठेवली, आणि दर आठवड्याला ती हिशेबनिसाच्या टेबलावर ठेवू लागला. त्यामुळे सारे सुधारले काय? नाही. काही तास मिळाले, काही बुडाले, आणि त्याची स्वतःची वेतनवाढ त्या वर्षी झाली नाही.

मी त्याला म्हटले, ‘अरे, हेच लिही.’ तो दचकला. ‘सर, यात माझी चूक दिसते.’ अर्थात दिसते! परंतु आणखी काय दिसते ते पाहा. एका राज्याने कायदा केला. दुसऱ्या राज्याने आपली माणसे तेथे पाठविताना कागद केले. दोन्ही राजधान्यांत त्यावर शिक्के पडले. आणि या साऱ्या इमारतीचा शेवटचा दगड कोठे बसला होता? एका वऱ्हाडी टाइमकीपरच्या पेनाच्या टोकाशी. त्याने रकाना भरला तर कायदा आहे, न भरला तर नाही. आंतरराष्ट्रीय व्यवहार म्हणतात तो याहून निराळा काय असतो? जिनिव्हाच्या सभागृहात ठराव करणाऱ्या पुष्कळांनी हजेरीपटाचा रकाना कधी पाहिलेला नसतो. या मुलाने तो चार वर्षे भरला होता, आणि तो रकानाच अर्जातून वगळून तो क्षितिजाविषयी लिहीत होता.

म्हणून परदेशातील काम सांगू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट आधी विचारतो : तुझ्यावर काय सोपविले होते, आणि चुकले असते तर कोणाचे नुकसान झाले असते? हुद्दा काहीही असो. परिचारिका असेल, जहाजावरचा खलाशी असेल, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत जाऊन आलेला जवान असेल, संगणकाच्या कंपनीतला अभियंता असेल. या प्रश्नाचे उत्तर ज्याला देता येते त्याची कैफियत उभी राहते. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील एकदा मला म्हणाले होते, ‘सर, माहा पोरगा तिकडे काय करते, हे मले आजवर त्यानं समजेल असं सांगितलंच नाही.’ मी त्या मुलाला म्हटले, की जे बापाला वऱ्हाडीत सांगता येत नाही ते समितीला इंग्रजीत सांगू नकोस.

येथपर्यंतचे सारे कौशल्याचे झाले. यापुढचे जे आहे ते माझ्या मते अधिक नाजूक आहे, आणि त्याविषयी आपल्याजवळ बोलण्याचा अधिकार इतर कोणाहूनही जास्त आहे. पुष्कळ मुले-मुली हल्ली सेवाभावी संस्थांमार्फत आफ्रिकेत, नेपाळात, कंबोडियात जातात. सहा महिने, वर्षभर राहतात. परत येऊन लिहितात की, तेथील गरीब जनतेच्या डोळ्यांतील आशा पाहून मी भारावून गेलो, आणि त्यांच्या उद्धारासाठी आयुष्य वेचण्याचा निर्धार केला. हे वाचले की मला आपल्याच गावांचे ओटे आठवतात.

कारण आपण स्वतः दुसऱ्याच्या अहवालाचा विषय झालेले लोक आहोत. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या वार्तांनी या जिल्ह्यांत केवढी रीघ लागली होती, ते तुम्हांला आठवते. वार्ताहर आले, संशोधक आले, समित्या आल्या, परदेशी दूरचित्रवाणीची पथके आली. २००६ च्या मध्याला पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची योजना जाहीर झाली. त्या काळात एका गावी मी एका विधवा बाईंना भेटावयास गेलो होतो. त्यांनी आत जाऊन एक प्लास्टिकची पिशवी आणली. तिच्यात मृत्यूचा दाखला, सातबारा, बँकेची नोटीस आणि नवऱ्याचा फोटो असे सारे क्रमाने लावून ठेवलेले होते. मी मागितलेही नव्हते. येणारा प्रत्येक जण तेच मागत असे, म्हणून त्यांनी ते एकदाचे लावूनच ठेवले होते. मी ती पिशवी हाती न घेता चहा घेतला आणि परत आलो. काय बोलावे ते मला सुचले नाही.

ज्याने ती पिशवी पाहिली आहे, त्याने मालावीच्या किंवा मालीच्या शेतकऱ्याविषयी ‘त्यांच्या डोळ्यांतील आशा’ असे लिहावे काय? आपल्याविषयी कोणी तसे लिहिले तेव्हा आपल्याला कसे वाटले होते? वऱ्हाडच्या मुलाचे खरे भांडवल हे आहे. अहवाल लिहिणाऱ्या हाताचा अनुभव जगात पुष्कळांना असतो. अहवालात लिहिले जाण्याचा अनुभव फार थोड्यांना, आणि दोन्ही अनुभव एकाच माणसाजवळ असणे तर त्याहून दुर्मिळ. तो माणूस परदेशातल्या खेड्यात गेला की आधी विचारील, ‘तुमच्याकडे याआधी कोण कोण येऊन गेले, आणि ते काय सांगून गेले?’ त्याने आपल्या निवेदनात उद्धाराची भाषा टाळावी, हे मी त्याला शिष्टाचार म्हणून सांगत नाही. ती भाषा खोटी कशी असते हे त्याला माहीत आहे, आणि माहीत असून त्याने ती वापरली तर तो आपल्याच ओट्यावरच्या माणसांना विसरला, असा त्याचा अर्थ होईल.

अनुभवातून काय आणले, असा प्रश्न समिती विचारते तेव्हा तिला ठेवा नको असतो, प्रश्न हवा असतो. ज्याचे उत्तर तुम्हांला कामावर मिळाले नाही आणि म्हणून तुम्ही शाळेत येऊ पाहता. श्रीधर व्यंकटेश केतकरांकडे पाहा. हेही आपलेच, अमरावतीच्या शाळेत शिकलेले. १९०६ साली अमेरिकेस जाऊन कॉर्नेलमध्ये शिकावयास लागले, आणि प्रश्न कोणता घेतला? जातिसंस्थेच्या इतिहासाचा. १९०९ मध्ये त्यांचा त्यावरील ग्रंथ तिकडेच निघाला. घरचा प्रश्न घेऊन ते परदेशी गेले, त्याला परदेशी शास्त्राची कसोटी लावली, आणि परत आले ते ज्ञानकोशाचा घाट घालण्यासाठी. एका मनुष्याने कंपनी काढून, गावोगाव वर्गणीदार मिळवून तेवीस खंडांचा कोश पुरा करावा, हा खटाटोप मला त्यांच्या प्रबंधाइतकाच अमेरिकेतल्या मुक्कामाचे फलित वाटतो. हे अर्थात माझे अनुमान.

आजच्या वऱ्हाडी तरुणाला असा घरचा प्रश्न शोधावयास लांब जावे लागत नाही. तो खामगावच्या किंवा अकोल्याच्या कापूसबाजारात पडलेला आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले आणि भाव कोसळला. त्या धक्क्याचे अर्थशास्त्र आजही जिवंत आहे. २००३ साली बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या चार देशांनी जागतिक व्यापार संघटनेपुढे तक्रार मांडली की, श्रीमंत देश आपल्या कापूस उत्पादकांना देतात त्या अनुदानांनी आमचा शेतकरी बुडतो. ब्राझीलने याच कारणावरून अमेरिकेविरुद्ध दावा चालविला आणि २०१४ साली तो तडजोडीने मिटला. आता समजा, आपल्या कृषी विद्यापीठाचा एखादा पदवीधर आफ्रिकेतल्या कापसाच्या प्रकल्पावर दोन वर्षे राबून आला. त्याने अर्जात काय लिहावे? ‘मी आफ्रिकेत काम केले’ हे? की, ‘मालीतला शेतकरी आणि माझे काका एकाच भावफलकाकडे पाहतात, दोघांनाही तो भाव ठरविता येत नाही, आणि तरीही जिनिव्हात आमची दोन सरकारे नेहमी एकाच बाजूला उभी राहत नाहीत, असे का, हे मला शिकावयाचे आहे’ हे? दुसरे वाक्य ज्याने लिहिले त्याला सात देशांची यादी देण्याची गरज पडेल, असे मला वाटत नाही.

शिफारसपत्रांविषयी फार बोलत नाही. मोठ्या नावाच्या माणसाचे कोरडे पत्र आणण्यापेक्षा, ज्याने तुमचे काम रोज पाहिले त्या वरिष्ठाचे पत्र आणावे, मग तो गोदामाचा मुकादम का असेना. आणि त्याची इंग्रजी सुधारावयास जाऊ नये. खासदारांचे पत्र तर मुळीच आणू नये. ते पत्र वाचणाऱ्याला आपले खासदार ठाऊक नसतात, आणि खासदारांना बहुधा तुम्ही ठाऊक नसता.

नोंदीविषयी मात्र सांगितलेच पाहिजे. दादासाहेब खापर्डे हे आपल्या अमरावतीचे वकील. लोकमान्यांच्या खटल्याच्या अपिलासाठी १९०८ साली विलायतेस गेले आणि सुमारे दोन वर्षे तेथे राहिले. दादासाहेबांना रोजनिशी लिहिण्याची सवय होती आणि ती त्यांनी अनेक दशके सांभाळली. कोण भेटले, काय बोलणे झाले, प्रकृती कशी, खर्च किती. मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो, परदेशात जाल तेव्हा पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. चार वर्षांनी अर्ज लिहावयास बसाल तेव्हा स्मृती तुम्हांला क्षितिज आणि संधी हेच शब्द देईल. वही तुम्हांला पहाटे चारची बस आणि नेपाळी मजुराच्या रेघा देईल. त्या टाइमकीपरजवळ ती दुसरी वही होती म्हणूनच त्याची कैफियत लिहून झाली.

आणि ज्यांना परदेशी जाता आले नाही त्यांचे काय? मला हा प्रश्न दर वेळी एखादी मुलगी विचारते, बहुधा मागच्या ओळीतून. समितीचा वाचक सीमा ओलांडल्याची साक्ष शोधतो, हे खरे. पण सीमा फक्त विमानतळावर असते असे त्याने कोठे म्हटले आहे? ज्या मुलीने धारणी तालुक्यात दोन वर्षे आरोग्यसेवेत काम केले, कोरकू भाषा शिकली, बाळंतिणीला दवाखान्यात न्यावे की भूमक्याकडे, म्हणजे गावच्या मांत्रिक-वैदूकडे, या वादात रात्र काढली, तिने जितकी सीमा ओलांडली तितकी दुबईच्या मॉलमध्ये महाराष्ट्र मंडळाच्या सोबतीने राहिलेल्या मुलाने ओलांडलेली नसते. तिने ते काम स्थानिक म्हणून खाली ठेवू नये. अठराशे त्र्याऐंशी साली आनंदीबाई जोशी यांनी पेन्सिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी जे पत्र लिहिले, त्यात पदवी नव्हती, नोकरी नव्हती, देशांची यादी नव्हती. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून आपण आलो आहोत, आणि परपुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातल्या स्त्रियांना वैद्यकीय मदत द्यावयाची आहे, एवढे मात्र त्यात स्पष्ट होते. महाविद्यालयाने त्यांना घेतले, आणि १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या.

माझी वेळ संपत आली असल्याची खूण अध्यक्षमहाराज मघापासून करीत आहेत. सभा संपल्यावर मी मागच्या व्हरांड्यात बसणार आहे. ज्यांनी आपले मसुदे आणले असतील त्यांनी ते घेऊन यावे. पहिला परिच्छेद मी वाचणार नाही, तो बहुधा क्षितिजाविषयीच असेल. आणि ज्यांनी कामावर असताना वही ठेवली असेल त्यांनी ती आधी काढावी. धारणीची शेवटची गाडी साडेसातला सुटते असे मला सांगण्यात आले आहे, तेव्हा तिकडच्या मंडळींना पहिला नंबर.